निवेदनावर आवक क्रमांक घेतलात का?

मागच्या अंकात या सदरात मी सहज लिहून गेलो होतो की, नायब तहसीलदार म्हणून नोकरीत जेवढी निवेदनं हातात घेतली, त्यांतल्या बहुतेकांचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी परत आलंच नाही. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. काहींनी मला सरकारचा माणूस ठरवलं, काहींनी आंदोलकांचा. नावं छापू नका, असं बहुतेकांनी कळवलं आहे, तेव्हा कुणाचंच छापत नाही.

आमच्या गावात नळयोजनेची टाकी बांधून तीन वर्षं झाली, पाणी नाही. जानेवारीत तहसीलवर हंडा मोर्चा नेला. तीनशेच्या वर बायका होत्या. नायब तहसीलदार बाहेर आले, निवेदन घेतलं, ‘वर पाठवतो’ म्हणाले. पेपरात फोटो आला. पुढे शून्य. मग मोर्चाने होतं तरी काय? – एक वाचक, सिन्नर तालुका

पायरीवर उभा असलेला तो नायब तहसीलदार मीच, असं समजा. मोर्चाच्या दिवशी मोठ्या साहेबांना जिल्ह्याला मीटिंग असतेच, त्यामुळे पायरीवरची ड्युटी आमच्याकडे. घोषणा थांबेपर्यंत उभं राहायचं, फोटोसाठी कागद दोन्ही हातांनी धरायचा आणि ‘आपल्या भावना शासनापर्यंत पोचवतो’ म्हणायचं. भावनांसाठी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, रकाना नसतो. तिथे रकाने असतात ते आवक क्रमांक, तारीख, विषय आणि कुठल्या संकलनाकडे, म्हणजे कुठल्या टेबलाकडे दिलं, एवढ्यांचेच.

म्हणून आधी मीच विचारतो. तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक आहे का? पायरीवर दिलेला कागद पुष्कळदा बारनिशीत चढतच नाही. शिपाई तो आत नेऊन कुठल्यातरी टेबलावर ठेवतो, आणि तो तिथल्याच गठ्ठ्यात जातो. मोर्चा बाहेर घोषणा देत असताना एका शांत डोक्याच्या माणसाने दुसरी प्रत घेऊन बारनिशीच्या टेबलाशी उभं राहायचं असतं. बहुतेक मोर्चांत त्या कामाला माणूस मिळत नाही, कारण फोटो बाहेर निघत असतो.

दुसरं म्हणजे, ती टाकी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची. तहसीलदाराच्या सहीने त्यातून थेंबही सुटणार नाही. तो ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ लिहितो, पंचायत समिती ‘नियमोचित कार्यवाहीस्तव सादर’ लिहिते, आणि तुमचा कागद चार कचेऱ्यांचं पाणी पिऊन कोरडाच परत येतो. मोर्चा ज्याच्या सहीने काम होतं त्याच्या दारात न्यावा. तहसीलवरच नेला असेल, तर तहसीलदाराच्या हातात आहे तेवढंच मागावं. उपअभियंता आणि ठेकेदाराला बोलावून बैठक लावा, तारीख आत्ता लेखी द्या, इतिवृत्ताची प्रत द्या. सतरा मागण्यांचं निवेदन आलं की आम्हाला हायसं वाटायचं. त्यातल्या सर्वांत सोप्या मागणीवर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं कळवलं की उत्तर दिल्यासारखं होतं.

पोच मागायची ताकद काय असते, हे मी रोजगार हमीच्या टेबलावर पाहिलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी गावोगाव काम मागत मोर्चे काढले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी योजनेची कल्पना मांडली होती, तिच्यामागे ही गर्दी उभी राहिली. कायदा १९७७ साली झाला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि २००५ मध्ये दिल्लीने तीच हमी देशभरासाठी घेतली. या योजनेत काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. आता हे पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? मागणीच्या पोचेवर तारीख असेल तिथपासून. तारीख नाही तर भत्ता नाही. त्यामुळे मागणीचा अर्ज ‘ठेवून जा’ म्हणण्याकडे कचेरीचा कल, आणि संघटनेने शिकवलेल्या बायका हलायच्या नाहीत. नमुना ४, म्हणजे काममागणीचा अर्ज, माझ्यासमोर ठेवून एक बाई फतकल मारून बसली होती. साहेब जेवायला गेलेत, शिक्का कपाटात आहे, सगळं सांगून झालं. ती म्हणाली, “जेवून येऊ द्या की. मला कुटं जायाचंय, काम तर न्हाईच.” शिक्का कपाटातून निघाला.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले तो लाँग मार्च सगळ्यांच्या लक्षात आहे. दहावीची परीक्षा सुरू होती, सकाळी पोरांची अडचण नको म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीच उठून ते आझाद मैदानाकडे चालत गेले. फुटलेल्या तळपायांचे फोटो लोकांना आठवतात. मी मात्र तेव्हा कागद शोधत होतो, आणि वनहक्काच्या दाव्यांबद्दल त्यांनी लेखी घेतलं म्हटल्यावर बरं वाटलं. तरीही २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, २०२३ मध्ये पुन्हा. त्या शेवटच्या वेळी मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात निवेदन केलं, तरी लोक लगेच उठले नाहीत. आदेश खाली पोचल्याची खात्री झाल्यावरच मुक्काम हलला. पाच वर्षांत त्यांना आमचं खातं पुरतं कळलं होतं.

तुमच्या बाबतीत अजून काही बिघडलेलं नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. ‘पाणी का नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर येणार नाही. अमुक तारखेच्या निवेदनावर झालेल्या टिप्पणीची प्रत, टाकीच्या कामाची मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराला दिलेली देयकं, एवढंच मागा. तीस दिवसांची मुदत असते. हा कायदाही साहेबलोकांनी आपण होऊन दिलेला नाही. राजस्थानात ब्यावर गावी १९९६ मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेचे लोक ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ म्हणत चाळीस दिवस धरणं धरून बसले होते. दुष्काळी कामावरची हजेरीपटं बघायला मागत होते, तुम्ही मोजमाप पुस्तिका मागणार तशीच.

मी निवृत्त मुख्याध्यापक. रास्ता रोकोमुळे माझी पत्नी डायलिसिसला तासभर उशिरा पोचली. घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनी सांगितलं होतं की, सत्याग्रह वगैरे आता बंद करा. पाच वर्षांनी मत द्या, मधल्या काळात आमदाराला भेटा. रस्त्यावर हा तमाशा कशासाठी? – एक वाचक, सातारा

सर, आधी वहिनींबद्दल. रुग्णाच्या गाडीला वाट करून द्यायला ज्या आंदोलनात चार स्वयंसेवक नेमलेले नसतात, ते आंदोलन कच्चं. एसटीची काच फोडणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, ती गाडी त्यांच्याच आईला बाजाराला नेणारी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहीनबागेच्या निकालात निदर्शनांचा हक्क मान्य करूनही सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असं सांगितलं. इथवर मी तुमच्या बाजूचा.

बाबासाहेबांचं भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चं. घटनात्मक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांचं समर्थन होऊ शकत नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितलं. तुम्ही मात्र त्यात मोर्चाही घातलात. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्येच आहे. सभा, मोर्चा, धरणं ही घटनात्मक मार्गाच्या आतली गोष्ट आहे. आणि त्याच भाषणात पुढे, सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही तर ती सोसणारे लोक ही लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असाही इशारा आहे. भाषणाचा तो भाग सभांमधून फारसा ऐकू येत नाही.

आता ते स्वतः कसे वागले ते पाहा. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप केला. पुढारी नारायण नागू पाटील. आसपासच्या गावांसह तो सहा वर्षं चालला, इतकी वर्षं रान पडीक ठेवून लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले. बाबासाहेबांनी त्यांची बाजू घेतली, सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर नेला. म्हणजे आत विधेयक त्यांचंच आणि बाहेर मोर्चाही त्यांचाच. त्या काळात मताधिकार मालमत्ता आणि शिक्षण बघून मिळायचा, अनेक कुळांना मतच नव्हतं. निवडणुकीची वाट पाहा, असं त्यांना कुणी सांगायचं?

१९३९ मध्ये कूळ कायदा आला, १९४८ मध्ये त्याहून भक्कम कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ मालक मानला गेला. फेरफाराची जुनी पानं चाळताना मला कूळ कायद्याच्या कलम ‘३२ ग’ची किंमत ठरवल्याची आणि मागून ‘३२ म’चं प्रमाणपत्र दिल्याची नोंद दिसायची. तलाठ्याच्या किरट्या अक्षरातली दीड ओळ. तिच्यामागे चरीची सहा वर्षं आहेत हे तिथे लिहिलेलं नसतं.

आमदाराला जरूर भेटा. फक्त सकाळी लवकर जा, कारण दहानंतर तिथे ठेकेदार असतात.

प्रत्येक आंदोलनामागे कुठला ना कुठला पक्ष असतोच. हो की नाही, एका शब्दात सांगा. – एक वाचक, नागपूर

हो.

आता दोन वाक्यं फुकट घ्या. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा मृणाल गोरे समाजवादी होत्या आणि अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट. ज्यांच्या घरात तेल, रॉकेल नव्हतं त्यांना याने फरक पडला नाही, आणि १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. बंदोबस्ताच्या बैठकीत आमची फूटपट्टी वेगळी होती. जेवणाची पाकिटं वाटून झाली की पांगणारी गर्दी कुणाची तरी आणलेली. फडक्यात स्वतःची भाकरी बांधून आलेले आणि शेवटची एसटी गेली तरी बसून राहिलेले लोक दिसले की, झेंडा कुठलाही असो, पोलीस निरीक्षकसुद्धा म्हणायचे, यांच्याशी बोलावं लागणार.

मी पेण तालुक्यातला. २००८ मध्ये सेझबद्दल (विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल) मतदान झालं, वडिलांनी मत दिलं. निकाल कधी जाहीरच झाला नाही, असं ते अजून सांगतात. मग ते मत वाया गेलं का? – एक वाचक, रायगड

वडील बरोबर सांगतात. महामुंबई सेझच्या संपादनातली बावीस गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली, म्हणजे पाणी दाराशी येण्याच्या बेतात असताना जमीनच जाणार होती. एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याने सरकारला लोकांचा कौल घ्यायला लावलं, आणि २१ सप्टेंबर २००८ ला मतदान झालं. सरकारी यंत्रणेने शेतकऱ्याला ‘जमीन द्यायची का?’ असं मतपत्रिकेवर विचारावं, हे आमच्या खात्यात कुणी ऐकलं नव्हतं. कौल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, कारण १८९४ च्या भूसंपादन कायद्यात त्याला जागाच नव्हती. हरकत नोंदवा, सुनावणीला या, निवाडा घ्या, एवढंच त्या कायद्याला ठाऊक.

पण त्याच कायद्यात एक घड्याळही होतं. घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादन रद्द ठरायचं. लोक मोजणीला उभे राहू देत नाहीत, मंत्री निकाल जाहीर करायला धजत नाहीत, आणि तारखा निघून जातात. आंदोलकांना नेहमी सांगितलं जातं की वेळकाढूपणा फक्त सरकारला जमतो. पेणमध्ये तो सरकारच्या अंगाशी आला आणि जमिनी राहिल्या.

पुढे पश्चिम बंगालमधलं सिंगूर, नंदीग्राम आणि आपलं रायगड ही जमीन संपादनाची सगळी प्रकरणं डोळ्यांसमोर ठेवून २०१३ चा नवा कायदा झाला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर सत्तर टक्के. वडिलांच्या मतपत्रिकेवरचा प्रश्न कायद्यात आला, असं मी तरी समजतो. अर्थात नंतर राज्यांनी, महाराष्ट्रानेही, काही प्रकल्पांना संमतीतून सूट देणाऱ्या दुरुस्त्या करून घेतल्या. तेव्हा तुमच्या भागात पुन्हा अधिसूचना निघाली, तर ती कुठल्या कलमाखाली आहे हे पहिल्याच दिवशी वाचा.

आंदोलनात मला पोलिसांनी उचललं, संध्याकाळी सोडलं. आता सरकारी भरतीचा फॉर्म भरतोय. ‘गुन्हा दाखल आहे का?’ यापुढे काय लिहू? – एक वाचक, लातूर

आधी ठाण्यात जाऊन नेमकं काय झालं ते विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दिवसभर ताब्यात ठेवून सोडणं वेगळं, आणि एफआयआर वेगळा. आदल्या दिवशी हातात दिलेली नोटीस, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, हीसुद्धा नुसती ताकीद असते, गुन्हा नव्हे. पण जमावबंदीचा आदेश मोडला म्हणून पुष्कळदा मागाहून गुन्हा नोंदतात आणि पोरांना ते पडताळणीच्या वेळी कळतं. गुन्हा असेल तर फॉर्मवर खरं लिहा. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे, आणि किरकोळ गुन्ह्यापेक्षा तो लपवलेला असणं जास्त महागात पडतं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. जीवितहानी नसावी, नुकसान पाच लाखांच्या आत असावं अशा अटी असतात, आणि शेवटी परवानगी न्यायालयाची लागते. ज्यांनी तुम्हाला मोर्चाला नेलं त्या पुढाऱ्यांना त्या यादीत तुमचं नाव घालायला सांगा. त्यांचं स्वतःचं नाव सहसा वरच असतं.

आम्ही बचत गटाच्या बायका. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला सह्या गोळा केल्यात. ‘आडवी बाटली’साठी आणखी काय करावं लागेल? गावातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात. – एक वाचक, बीड जिल्हा

ताई, शेवटच्या वाक्यात तुम्ही सगळ्यात महत्त्वाची अडचण स्वतःच लिहिली आहे.

रीत अशी. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्कवाले त्या सह्या पडताळतात, म्हणून आज सही करून उद्या नवऱ्याच्या धाकाने ‘माझी नाही’ म्हणणाऱ्या किती निघतील याचा अंदाज ठेवा आणि तेवढ्या सह्या जास्तीच्या घ्या. मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद.

घोळ होतो तो इथे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आठशे बायका यादीत असतील तर चारशेच्या वर आडवी बाटली हवी. पाचशे आल्या आणि साडेतीनशे जणींनी आडवी केली, तरी दुकान तसंच. घरी बसलेली बाई, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत असलेली बाई, मेलेली बाई, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली पोरगी, या सगळ्या दुकानदाराच्या बाजूने मोजल्या जातात, आणि त्याला त्यासाठी एक रुपयाही खर्चावा लागत नाही. आमदारकीला असा नियम लावला तर सभागृह बरंच रिकामं राहील.

त्यामुळे अर्ज देण्याची वेळ नीट ठरवा. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परततात, तेव्हा मतदान उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर येईल असं बघा. टोळ्या बाहेर असतानाची तारीख आली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या, स्थलांतराचं कारण लिहा, आणि हो, आवक क्रमांक घ्या. हातभट्टी या मतदानाने बंद होत नाही, तिचा अर्ज ठाण्यात वेगळा द्या, नाहीतर दुकान बंद झाल्यावर तिचाच धंदा वाढेल.

पण त्याही आधी मतदार यादी. तलाठी किंवा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, याच्याकडून आजची यादी घ्या आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. मयत आणि बाहेरगावी नांदायला गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना ७ भरावा लागतो, प्रत्येक नावाला वेगळा. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. सासूबाईंचं नाव काढायला काहीजणी कचरतील, त्यांच्या घरी दोघीजणी मिळून जा.